पायल काही खात नव्हती

संघदीपला यवतमाळच्या दवाखान्यात नेलं, त्या दिवशी त्याची सात महिन्यांची पोर त्याच्या बापाच्या, बळीरामच्या मांडीवर राहिली. त्या वर्षी कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती आणि आर्णीकडच्या गावांत पाठीवर पंप घेऊन फवारणीला जाणाऱ्या बऱ्याच जणांना औषध बाधलं होतं. संघदीप रोजानं फवारायला जायचा. तो घरी आला तो भिंत धरत धरत. ओकाऱ्या थांबेनात, समोरचं दिसेना. त्याची बायको प्रियंका त्याच्यासोबत गाडीत बसली. अशा रोग्यांत अंगावरचं लेकरू नेऊ नको, असं सगळ्यांनीच सांगितलं, म्हणून तिनं पायलला सासऱ्याच्या हाती दिलं.

पायल तोवर आईच्याच दुधावर होती. पोरीचा मामा आला की खीर चाटवू म्हणता म्हणता तिचं उष्टावण लांबलं होतं. बळीरामचा जन्म कापसाच्या जिनिंगवर सरकी ओढण्यात गेला होता. बायको होती तेव्हा लेकरांना भरवणं तिच्याकडे होतं; आता तीही नव्हती.

शेजारची मथुराबाई बकरीचं दूध उकळून आणायची. ते पायल चमच्यानं जेमतेम घ्यायची, अर्धं गालावरून ओघळायचं. बळीरामनं तांदळाची पेज केली. पोरीनं जिभेनं ती बाहेर ढकलली. मग केळं कुस्करून दिलं, तर तिचं अंग शहारलं. गूळ घालून कणकेची लापशी केली, ज्वारीच्या पिठाची आंबील केली. पोर ओठ घट्ट मिटून मान फिरवायची आणि दाराकडे पाहत रडायची. रडून रडून तिचा आवाज बसला.

अंगणवाडीची नलूताई आली, तिनं चुलीजवळच्या वाट्या पाहिल्या.

“बाबा, एवढं सगळं एका दिवशी नका देऊ,” ती म्हणाली. “तिले फक्त ओढून पिणं माहीत हाये. जीभ बाहेर येते म्हणजे आवडलं नाही असं नसते. एकच काही घ्या, चार रोज तेच द्या. गूळ-मीठ नको.”

बळीरामला पटलं. पण ती गेल्यावर पोर पुन्हा रडायला लागली, आणि त्यानं पुन्हा केळं घेतलं. तिनं ते ओकून टाकलं. तो तिला खांद्यावर घेऊन अंगणात फिरत राहिला. तिचं अंग हलकं लागत होतं.

रोज संध्याकाळी प्रियंकाचा फोन यायचा.

“खाल्लं काय पोरीनं, मामाजी?”

“हाव, खाल्लं. वाटीभर पेज खाल्ली,” बळीराम म्हणायचा. मग विचारायचा, “संघदीप कसा हाये?”

“बरा हाये,” ती म्हणायची.

ती हे इतक्या पटकन म्हणायची की बळीरामला आपलंच बोलणं ऐकल्यासारखं वाटायचं. पुढे कोणीच काही विचारत नसे. संघदीपला श्वासाचं मशीन लावलं होतं आणि तो बायकोलाही ओळखत नव्हता, हे बळीरामला आर्णीहून दवाखान्यात जाऊन आलेल्या एकाकडून कळलं. त्या संध्याकाळी फोन आला तेव्हाही त्यानं पेजच सांगितली.

दुसऱ्या दिवशी त्याच्यानं काही शिजवणं झालं नाही. मथुराबाईनं बिनफोडणीचं तुरीचं वरण आणि भाकर आणून दिली, तीच घेऊन तो जेवायला बसला. मांडीवरची पायल पुढे वाकली, तिनं ताटात पंजा घातला आणि वरणानं माखलेली बोटं तोंडात घेतली. तिनं पुन्हा ताटात हात घातला. त्यानं भाकरीचा पापुद्रा वरणात कुस्करून तिच्या ओठांना लावला. थोडं बाहेर आलं, थोडं आत गेलं. त्यानंतर त्यानं दुसरं काही करून पाहिलं नाही. रोज वरण, रोज भाकर.

संघदीप परत आला तेव्हा पऱ्हाटीची बोंडं फुटू लागली होती. तो चालत होता, पण प्रियंकाचा खांदा धरून. नजर धुरकटच राहिली होती. येईल हळूहळू, पण किती येईल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

प्रियंकानं आल्या आल्या पायलला पदराखाली घेतलं. पोरीनं दोन-तीनदा ओढून पाहिलं आणि तोंड काढून रडायला लागली. दूध आटलं होतं. प्रियंकानं पदर सावरला आणि पोर सासऱ्याकडे दिली.

“तुमीच भरवा,” ती म्हणाली.

बळीरामनं वरणात भाकर कुस्करली. पायलनं तोंड उघडलं. संघदीप भिंतीला टेकून पोरीच्या मचमच आवाजाकडे मान वळवून बसला होता.

“खाऊन राह्यली काय, बाबा?”

“हाव.”

“खरं सांगा. मले दिसत नाही.”

बळीरामनं त्याचा हात धरला आणि पायलच्या हलत्या गालावर नेऊन ठेवला.