काठीवाल्या बाईची नात

अर्सुला पेल पांढरी काठी घेऊन निघाली की लंडनची गल्ली आपोआप मोकळी व्हायची. प्रेत पाहायचं आणि मरण कशानं आलं ते चर्चच्या कारकुनाला सांगायचं, हे तिचं काम. विधवेला चर्चची भाकरी फुकट थोडीच मिळते? काठी दिसली की लोकांनी दूर व्हावं असा हुकूम होता. हुकूम नसता तरी ते झालेच असते. या कामात तिच्या जोडीला असलेली म्हातारी परवा गेली, तेव्हापासून ती एकटीच फिरत होती.

त्या सकाळी बोलावणं आलं ते लेकीच्या घरून. जावई ग्रेगरी, हातमोजे शिवणारा, अंथरुणात थंड पडला होता. अर्सुलानं त्याचा सदरा वर केला. काखेतली गाठ आंधळ्यालाही कळली असती.

लेक ॲनिस भिंतीला टेकून उभी होती, डावा हात अंगापासून दूर धरून.

"तुलाही?"

"कालपासून. आई, खरं तेच सांग. नुसता ताप होता म्हणालीस, तर मी पाण्याला जाईन, बाजारात जाईन, आणखी चार घरं बुडवीन. पण थॉमसिनला आधी बाहेर काढ."

पाच वर्षांची थॉमसिन चुलीपाशी बाहुली निजवत होती. प्लेग म्हटलं की दाराला कुलूप, आणि आतली माणसं चाळीस दिवस आतच, आजारी काय नि धडधाकट काय. ज्या शहाण्यानं हा कायदा केला, त्याचं नातवंड अशा घरात नसणार.

अर्सुलानं पोरीच्या काखा चाचपल्या. आज काही नव्हतं. उद्याचं कोण सांगणार? लेकीला पोटाशी धरावंसं तिला फार वाटलं. पण ॲनिसच मागं सरकली.

पोरीला घेऊन अर्सुला निघाली, तेव्हा वाटेत त्यांना कुणी अडवलं नाही. दारं मात्र एकेक करून लागत गेली. ग्रेगरीच्या बहिणीनं आतून अडसर घातला. ओळखीची सुईण खिडकीतून म्हणाली, "पोर ठेवून घेतली असती गं. पण तुझ्या हातातून नको."

मग अर्सुलानं पोरीला विहिरीच्या पायरीवर बसवलं आणि स्वतः रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहिली. थोड्या वेळानं भटारखान्यातली बाई बाहेर आली.

"कुणाची गं ही? तुझी का?" तिनं लांबूनच विचारलं.

"माझी कुठली. केव्हाची बसलीय तिथं."

बाई पोरीकडे वळली. "ती म्हातारी कोण लागते तुझी?"

थॉमसिननं आजीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"कुणी नाही," ती म्हणाली.

बाईनं तिला आत नेलं. अर्सुला कारकुनाच्या घराकडे चालू लागली. लेकीच्या दाराला कुलूप घालायला अजून सांगायचं होतं.