साडेपाच तास

आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या भिंतीवर दोन घड्याळं आहेत. एक आपलं, दुसरं मेलबर्नचं. आमोद तिकडे नोकरीला गेला तेव्हा ह्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, ते लावलं. फोन करताना मुलाची झोपमोड नको म्हणून. हे गेले त्या महिन्यात मी त्यातला सेल काढून टाकला.

हे गेले एकवीस सालच्या एप्रिलमध्ये, कोरोनात. आमोद फोनवर म्हणाला, "आई, इथल्या सरकारनं देशाबाहेर जायलाच बंदी घातलीये. परवानगी मागितलीये, मिळत नाहीये." मला सगळं कळत होतं, पेपर मीही वाचते. पण अठ्ठावीस वर्षं शाळेत मराठी शिकवून जिभेला धार आलेली. मी म्हटलं, "असू दे. आता सवडीनं ये, माझ्या दहाव्याला." त्यानं फोन ठेवला. पुन्हा केला नाही आणि मीही केला नाही. खाण तशी माती, तक्रार कोणाकडे करणार?

दोन वर्षांपूर्वी मोबाइलवरच्या एका अ‍ॅपमध्ये मी सहज नातीचं नाव टाकलं. वल्लरी सापडली. दर रविवारी ती स्वयंपाकाचा व्हिडिओ टाकायची. नऊ वर्षांची असताना व्हिडिओ कॉलवर शेवटची पाहिलेली पोर ओट्यापाशी उभी राहून थालीपीठ थापत होती, आणि त्याला भोकं पाडायलाच विसरली होती. मला राहवेना. मी 'मैना' नावानं खातं उघडलं. ते माझं माहेरचं लाडाचं नाव, आमोदलाही ठाऊक नसलेलं. लिहिलं, "बोटानं भोकं पाड, त्यात तेल सोड. मग कुरकुरीत होतं." पुढच्या रविवारी भोकांचं थालीपीठ आलं. खाली लिहिलं होतं, "थँक यू मैना मावशी."

दोन वर्षं मी मावशी होते. तिला आमटीची फोडणी शिकवली, पुरणपोळीला कणीक किती सैल लागते ते सांगितलं. अगं, मी तुझी आजी, असं लिहावंसं रोज वाटे. पण तिनं बापाला सांगितलं आणि त्यानं सगळंच बंद करायला लावलं तर? त्यापेक्षा मावशी बरी.

मग तिकडच्या सरकारनं सोळा वर्षांखालच्या मुलांना ही अ‍ॅप्स बंद करायचं ठरवलं. बातमी वाचून मी मनाशी म्हटलं, बरं झालं, पोरं जरा पुस्तकं तरी उघडतील. पेपरची घडी घालताना लक्षात आलं की वल्लरी चौदाची आहे.

शनिवारी तिचा निरोप आला, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. "मैना मावशी, मंगळवारी माझं अकाउंट बंद होणार. तू पुण्याची ना? माझी आजीपण कोथरूडला असते, सरोजिनी आजी. तिच्याकडे जाऊन विचारशील का, अजून बाबावर रागावलीये का? नाही म्हणाली तर मी तिला आमचा नंबर देईन, बाबाला न विचारता. मंगळवारपर्यंत तुझं उत्तर नाही आलं, तर मी समजेन की ती अजून रागावलीये."

मी खूप रडले. शहाण्या माणसानं तिथल्या तिथे लिहिलं असतं, 'अगं, मीच ती.' मी वही काढली. जन्मभर मुलांना सांगत आले, आधी कच्चं लिहा, मग पक्कं. आमोदची माफीही त्याच पत्रात मागायची होती. शब्द कमी पडायला नकोत, जास्तही नकोत. रविवारी एक मसुदा झाला, सोमवारी दुसरा. मंगळवारी संध्याकाळी सातला पक्कं लिहून झालं. चष्मा पुसला आणि एकेक अक्षर मोबाइलवर उतरवलं. साडेआठला पाठवायला गेले, तर जाईना. तिचं खातं उघडेना. थालीपीठही गेलं होतं, आमटीही.

मी वर पाहिलं. आपल्या घड्याळात साडेआठ. शेजारचं साडेचार वर्षं सव्वादोनवर थांबलेलं. बोटांवर मोजलं. तिकडचं साडेपाच तास पुढे असतं. वल्लरीचा मंगळवार आमच्या साडेसहालाच संपला होता. साडेसहाला मी दुसऱ्या परिच्छेदातलं 'क्षमस्व' खोडून 'माझं चुकलं' लिहीत होते.

आमोदचा जुना नंबर लावला. तो बंद झाल्याचं एका बाईनं इंग्रजीत सांगितलं. मग त्याच्या शाळेतल्या मित्राला, सलिलला, फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा कोणापुढे गयावया केली. सलिल म्हणाला, "काकू, त्याला विचारून देतो." दोन दिवसांनी त्याचा फोन आला. बराच वेळ तो पावसापाण्याचंच बोलत राहिला. शेवटी मीच विचारलं, "काय म्हणाला?"

"नको म्हणाला, काकू."

"वल्लरीला एवढं तरी सांगशील का, की मी रागावलेली नाही?"

"तिच्यापर्यंत जाऊ देणार नाही तो."

त्याला दोष देत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि तो पीळ त्याच्यात माझ्याकडूनच आलाय.

कोपऱ्यावरच्या दुकानातून सेल आणला. स्टुलावर चढून घड्याळ उतरवलं, पुसलं, साडेपाच तास पुढे लावलं. ते चालू झालं, एवढ्या वर्षांनी. आता रविवारी तिच्या सकाळच्या वेळी मी जागी असते. वल्लरीला सोळा पूर्ण व्हायला अजून एक वर्ष आठ महिने आहेत. मला सत्त्याहत्तरावं चालू आहे.