आभाराची दोन पानं

प्रताप गद्र्यांच्या सिंगापुरातल्या वुडलँड्समधल्या कारखान्यात मोटारींच्या दारांना लागणाऱ्या रबरी पट्ट्या तयार होत. कारखाना म्हणायचा तो आपला उगाच. सहा यंत्रं आणि बावीस माणसं, त्यातल्या निम्म्याहून अधिक बायका रोज सकाळी पूल ओलांडून मलेशियातल्या जोहोरहून येणाऱ्या. हिशेब आणि पत्रव्यवहार निशिकांतराव पाहत. वय एकसष्ट, चष्मा जाड, बोलणं बेताचं. चार माणसांत उभे राहिले की आपले हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नसे. कागदासमोर बसले की मात्र हात आपोआप जागेवर येत.

२००७च्या नोव्हेंबरात अमेरिकेहून एक जाड पाकीट आलं. ओहायोतली त्यांची सगळ्यात मोठी गिऱ्हाईक कंपनी दोन वर्षांपूर्वी, डिसेंबर २००५मध्ये, दिवाळखोरीत गेली होती. तिची उरलीसुरली मालमत्ता घेणेकऱ्यांत वाटण्यासाठी कोर्टाने जो ट्रस्टी नेमला होता, त्याने उलट प्रतापवरच दावा लावला होता. कंपनी बुडण्याच्या दोन महिने आधी तुम्हाला मिळालेले तीन लाख ऐंशी हजार डॉलर परत करा, असं त्याचं म्हणणं.

"म्हणजे माल आपला, घाम आपला आणि चोरही आपणच," प्रताप म्हणाला. "निशिकांतराव, नीट वाचलंत ना?"

"तीनदा वाचलं."

"फेकून दिलं तर? कुठे अमेरिका, कुठे वुडलँड्स."

"राहिलेल्या बिलांसाठी आपण त्याच कोर्टात अर्ज केलाय, प्रतापराव. म्हणजे त्यांच्या दारात आपण आपल्या पायांनी गेलो. शिवाय टेक्ससच्या गोदामात आपला माल पडलाय. तो ते धरतील."

तो अर्ज कुणी भरला होता हे दोघांनाही ठाऊक होतं.

न्यूयॉर्कची एक वकीलबाई मिळाली. तिने फोनवरून समजावलं ते असं. बुडणाऱ्या कंपनीने शेवटच्या नव्वद दिवसांत जुनी देणी फेडली असतील, तर ते पैसे परत गोळा करता येतात. ज्याने तगादा लावला किंवा ज्याची ओळख होती, त्याने आधी हात मारून घ्यावा आणि बाकीच्यांनी बोटं चोखावीत, असं होऊ नये म्हणून. पण नेहमीच्या रिवाजाने आलेल्या पैशाला हात लावता येत नाही. पूर्वी त्यासाठी दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागत: तुम्हा दोघांचा रिवाज तसाच होता, आणि सगळ्या धंद्याचाही तसाच. ऑक्टोबर २००५पासून कायदा बदलला. आता दोहोंपैकी एक पुरे.

"तुमचं नशीब बघा," बाई म्हणाली. "ही कंपनी नव्या कायद्यानंतर बुडली. तुमच्यासारख्या लहान पुरवठादारांसाठीच तो बदल झालाय. सहा वर्षं तुम्हाला साठ ते नव्वद दिवसांनी पैसे मिळत आलेत, हे चौऱ्याऐंशी दिवसांनी मिळाले. झालं की. फक्त एक सांगा. तुम्ही दबाव आणला, किंवा त्यांनी तुमच्यासाठी काही खास केलं, असं कुठे कागदावर आहे का?"

"छे हो," प्रताप हसला. "आमचा आवाज आमच्या बायकांपुढे चढत नाही, तो ओहायोत काय चढणार?"

बाईही हसली. निशिकांतराव हसले नाहीत. त्यांना एक जुनं पत्र आठवलं.

पैसे आले तेव्हा प्रताप जाता जाता म्हणाला होता, "त्या केलरला आभाराच्या दोन ओळी टाका." केलर म्हणजे ओहायोचा खरेदी-मॅनेजर. निशिकांतरावांनी तीन दिवस घेतले आणि दोन पानं लिहिली. आयुष्यभर त्यांनी जुन्या पुस्तकांतून इंग्रजी गोळा केलं होतं. ते कुणाला दाखवायला जागा नव्हती. बिलं आणि स्मरणपत्रं यांत कितीसं मावणार? आपल्याला येतं ते खरंच येतं की नुसतं पाठ झालंय, अशी एक शंका त्यांना कायम खात असे. त्या पत्राच्या वेळी मात्र ती तीन दिवस गप्प बसली होती. 'आमच्या काकुळतीच्या विनवण्यांनी आपलं मन द्रवलं,' असं त्यांनी लिहिलं. 'आपल्या दारी इतक्या जणांची रांग असताना इतरांना थोपवून आपण आम्हाला आधी बोलावलंत, हे ऋण आम्ही कसं विसरू?' प्रतापने न वाचताच म्हटलं, "तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार. करा तुम्हीच सही."

संध्याकाळी बिशानच्या घरी जेवताना त्यांनी बायकोला, अरुणाबाईंना, सगळं सांगितलं.

"त्या केलरनं एव्हाना ते केराच्या टोपलीत टाकलं असेल," त्या म्हणाल्या. "दोन पानं वाचायला त्याला सवड आहे? मलाही नसते."

"असेल टाकलं."

"मग वाढू का आमटी?"

"वकीलबाईंनी विचारलं तेव्हा मी गप्प बसलो, अरुणा. गप्प बसणं हेही उत्तरच झालं की."

"तुम्हाला बोलायच्या वेळी बोलता येत नाही आणि लिहायच्या वेळी थांबता येत नाही," त्या म्हणाल्या, आणि आमटी वाढली. थोड्या वेळाने हळू आवाजात म्हणाल्या, "सांगून टाका. तुम्हाला पचायचं नाही ते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी फाइलमधली प्रत प्रतापच्या टेबलावर ठेवली. प्रतापने उभ्या उभ्या वाचली. मग बसून वाचली.

"काकुळतीच्या विनवण्या? मी केव्हा केल्या हो? मी एकदा फोन केला होता, तोही त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून."

"हो."

"आणि रांग कुठली?"

"रांग नव्हती. म्हणजे असेल, आपल्याला काय माहीत. तसं लिहायची रीत असते."

"कुणाची रीत?"

"माझी," ते म्हणाले.

पत्र दडवायचा प्रश्नच नव्हता. समोरच्या पक्षाने सगळा पत्रव्यवहार मागितला होता, आणि आठवड्याने कळलं की मूळ पत्र त्यांच्याकडे आधीपासूनच होतं. केलरने ते टाकलं नव्हतं. एका पुरवठादाराकडून इतकं सुंदर पत्र आलंय, म्हणून त्याने त्याच्या प्रती ऑफिसभर वाटल्या होत्या.

मार्चमध्ये तांजोंग पगारच्या एका ऑफिसात निशिकांतरावांची जबानी झाली. सकाळचे आठ, तिकडे न्यूयॉर्कला आदल्या दिवसाची संध्याकाळ. पडद्यावर समोरचा वकील दिसत होता. तरुण, अतिशय सौजन्याने बोलणारा. निशिकांतरावांनी हात मांडीवर ठेवले, मग टेबलावर, मग पुन्हा मांडीवर.

"या विनवण्या केव्हा केल्या होत्या, सर?"

"केल्या नव्हत्या."

"आणि इतरांना थोपवलं, हे तुम्हाला कसं कळलं?"

"कळलं नव्हतं. मी तशी कल्पना केली."

"मग लिहिलंत का?"

"आभार मानताना आपण लहान व्हायचं असतं. समोरच्याला मोठं करायचं असतं." हे वाक्य त्यांनी घरी दहा वेळा घोकलं होतं. इथे ते अगदीच पोरकट वाटलं.

"समजलं. म्हणजे सौजन्य म्हणून तुम्ही धंद्याच्या पत्रात न घडलेल्या गोष्टी लिहिता."

"सौजन्य म्हणून. हो."

"कंपनीच्या हिशेबाच्या वह्याही तुमच्याच हातच्या ना? सहा वर्षांत पैसे किती दिवसांनी येत, याचा कोर्टाला दिलेला तक्ता?"

"तोही मीच केलाय."

वकिलाला बहुधा वाईटही वाटलं असावं. "धन्यवाद, सर. मला आणखी काही विचारायचं नाही."

पडदा काळा झाला. प्रताप मागच्या खुर्चीवर बसून सगळं ऐकत होता. त्याला इंग्रजी समजावून सांगायची आज गरज नव्हती. पत्र खरं मानलं, तर पैसे खास मेहरबानीचे. खोटं मानलं, तर ते लिहिणाराच खोटा, आणि तक्ता त्याच हातचा.

खाली कॉफीच्या टपरीवर बसून प्रतापने बाईला फोन लावला. बराच वेळ ऐकून घेतलं. तारखा बँकेकडूनही काढता येतील, ती सांगत होती, पण न्यायाधीशाच्या डोळ्यांपुढे ते पत्र राहणारच. लढायला दीड लाख लागतील आणि जिंकण्याची खात्री मी देणार नाही. समोरची मंडळी दोन लाख चाळीस हजारांवर मिटवायला तयार आहेत.

"मिटवा," प्रताप म्हणाला आणि फोन ठेवला.

दोन यंत्रांवर बँकेचं कर्ज होतं. अमेरिकेच्या ऑर्डरी त्या वर्षी तशाही आटत चालल्या होत्या. दोघांनाही मनातल्या मनात तोच हिशेब करायला फार वेळ लागला नाही.

"मी राजीनामा देतो, प्रतापराव."

"कशाचा?" प्रताप म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. कॉफी ढवळत तो म्हणाला, "माझीच चूक. वाचायला हवं होतं मी." मग उठताना म्हणाला, "सोमवारी माणसांना सांगायचंय. तुम्ही या. पण बोलतो मी."

सोमवारी सकाळी प्रताप बंद यंत्रांपुढे उभा राहिला. महिनाअखेरीस कारखाना बंद होईल, सगळ्यांचे पैसे चुकते होतील, असं त्याने सांगितलं. एवढ्यावर तो थांबणार होता. पण बायकांचे चेहरे बघून तो म्हणाला, "दिवस पालटतील. वर्षभरात पुन्हा सुरू करू. सगळ्यात आधी तुम्हालाच बोलावीन."

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. प्रताप घाईने आत निघून गेला.

भिंतीजवळ निशिकांतराव उभे होते. बारा वर्षं पहिल्या यंत्रावर काम केलेली रोहाना त्यांच्यापाशी आली. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, जोहोरच्या एका कापड कारखान्यात तिला जागा मिळत होती, पगार अर्धा.

"अंकल, तिथे आज हो म्हणायचंय," ती म्हणाली. "नाही तर जागा जाते. बॉस बोलावतील ना पण? मग मी थांबते. तुम्ही कागद बघता. खरं सांगा."

कारखान्याची जागा सोडण्याचा कागद शुक्रवारी त्यांनीच टाइप केला होता. यंत्रांचं गिऱ्हाईकही ठरलं होतं. ते म्हणाले, "नाही बोलावणार. तू तिकडे हो म्हण."

रोहानाने आत, प्रताप गेला त्या दाराकडे पाहिलं.

"बॉस चांगला माणूस आहे," ती म्हणाली. "तुम्ही असं का बोलता?"

आणि ती तिकडे बाकीच्या बायकांत जाऊन उभी राहिली. तिने काही सांगितलं तशा दोघीतिघींनी मान वळवून निशिकांतरावांकडे बघितलं. ती जोहोरला हो म्हणाली की थांबली, हे त्यांना पुढे कधी कळलं नाही.