भर पाण्यातली कोलांटी

"अगं, मार हात! थांबू नकोस!" विदाद काठावरून ओरडली.

"मारतेच आहे, अम्मतो! पण मी पुढं कुठं जातेय?" जुमानानं पाण्याबाहेर तोंड काढून आत्याला सुनावलं. तिच्या कमरेला सायकलच्या जुन्या ट्यूबांचा दोर बांधलेला होता आणि दोराचं दुसरं टोक तलावाच्या शिडीला. कितीही हात मारले तरी पोरगी जागच्या जागीच.

"भिंत येईपर्यंत पोहायचं."

"ती येणारच नाही ना!"

"तेच शिकायचंय. गप पोह."

बैत साहूर या त्यांच्या गावच्या क्लबातला हा तलाव पंचवीस मीटरांचा. आसपास कुठंही याहून लांब तलाव नव्हता. विदाद इथंच लहानाची मोठी झाली, इथंच तिनं देशातल्या सगळ्या पोरींना मागं टाकलं. आणि इथंच तिच्या अंगात ती खोड भिनली. ठरावीक हात झाले की हनुवटी छातीला लागायची, अंग कोलांटी घ्यायचं, पाय भिंतीला भिडायचे. डोक्यानं विचार करायची गरजच उरली नव्हती.

मग वयाच्या अठराव्या वर्षी ती अम्मानला अरब देशांच्या स्पर्धेत गेली. तिथला तलाव पन्नास मीटरांचा. ती सुसाट निघाली, पहिल्या तिघींत होती, आणि नेमकी अर्ध्यात पोहोचल्यावर अंगानं आपलं काम चोख केलं. तिनं कोलांटी मारली. पाय झाडले, पण तिथं भिंत कुठली? नाकातोंडात पाणी गेलं, वर कुठं नि खाली कुठं तेही कळेना. वर आली तेव्हा सगळे प्रेक्षक हसत होते. तरी तिनं शर्यत पुरी केली, पण शेवटची आली.

तिचा बाप गावात छाती फुगवून सांगायचा, "इतक्या जोरात होती पोरगी, की भिंतीलाच वेळेवर पोहोचता आलं नाही!" गावानं मात्र आपला अर्थ काढला. विदादनं गाडी वळवली की बेकरीवाला ओरडायचा, "विदाद, भिंत आली का?" लग्नात, बारशात, चर्चबाहेर, तेच. माणसं मायेनंच बोलायची, तीही हसायची. पण ते हसू घशाखाली उतरायचं नाही. पुढं संचारबंदीची वर्षं आली, क्लबाचा तलाव कोरडा पडला आणि तिचं पोहणं तिथंच संपलं. ती भाऊ ईसाच्या कारखान्यात ऑलिव्हच्या लाकडाचे उंट घासायला बसली. तलावात पुन्हा पाणी आलं तेव्हा ती शिकवायला लागली. मोठ्या तलावात मात्र पुन्हा कधी उतरली नाही.

आता तिची भाची, ईसाची जुमाना, त्याच अम्मानला, त्याच तलावात उतरणार होती. पोरीचं हसं होऊ नये, एवढंच विदादला हवं होतं. पदकाचं नावही तिनं काढलं नव्हतं.

"ताई, उगाच जीव टांगणीला लावू नकोस," निघताना ईसा म्हणाला. "तिला माहीत आहे तलाव केवढा आहे ते."

"मलाही माहीत होतं रे."

सरहद्दीच्या पुलावर तपासणीतच सबंध दिवस गेला. बसमधून उतरा, बॅगा द्या, बसा, परत बसमध्ये चढा. जुमाना तिळाचा गोल पाव, काक, चघळत निवांत बसली होती. तिची बॅग आवरताना विदादनं आपला जुना पोहण्याचा पोशाखही तळाशी कोंबला होता. का, ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

शर्यतीच्या दिवशी शिट्टी वाजली आणि आठ पोरींनी उड्या घेतल्या. विदादला बसवेना. जुमाना चौथ्या पट्ट्यात होती. दहा मीटर, वीस मीटर. तलावाचा मध्य जवळ आला तशी विदादची स्वतःची मान पुढं झुकली, हनुवटी छातीला लागली. तिनं डोळे गच्च मिटून घेतले. आता हसतील, आता.

कोणी हसलं नाही. तिनं डोळे उघडले तेव्हा जुमाना मध्य ओलांडून पुढं गेली होती. हात मारत होती, एकामागून एक, जणू कमरेचा दोर कुणी नुकताच सोडला असावा. पलीकडच्या भिंतीशी तिनं सुरेख कोलांटी घेतली आणि परत फिरली. येतानाही मध्य आला आणि गेला. ती पाचवी आली, पण इतकी जोरात ती आजवर कधी पोहली नव्हती. विदाद रडली, आणि शेजारी बसलेल्या अनोळखी बाईच्या गळ्यात पडून रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलाव सरावाला खुला होता. जुमाना टॉवेल गुंडाळून आली ती हातात तो जुना पोशाख नाचवतच.

"हा काय उंटांना घालायला आणलास?"

"आण इकडं, कार्टे!"

"आण नाही, घाल. मी दोराला बांधून घेतलं ना तुझ्यासाठी? आता तुझी पाळी."

विदाद उतरली. पाणी गार होतं. पहिले काही हात जडच गेले, मग खांद्यांना जुनी लय सापडली. मध्य आला. मान झुकलीच. तिला ते कळलं, आणि ती घाबरली. पण तिनं मान सोडवली, तोंड पुढं केलं आणि आणखी एक हात मारला. मग आणखी एक. दमछाक झाली, छाती भात्यासारखी चालू लागली, तरी ती थांबली नाही.

तिची बोटं भिंतीच्या फरशीला लागली.

लांबून, तलावाच्या दुसऱ्या टोकावरून, जुमाना दोन्ही हातांचा कर्णा करून सगळ्या तलावाला ऐकू जाईल अशी ओरडली, "अम्मतोऽ! भिंत आली का?"

विदाद हसली. या वेळी मनापासून हसली.

"आली गं!" ती ओरडली. "होती तिथंच होती!"

आणि भिंतीवरचा हात तिनं कितीतरी वेळ काढला नाही.