जुईनं दाखवलेली जागा

पळता पळता जुई एकदम थबकली. पुढचा एक पाय हवेतच राहिला, शेपूट ताठ झाली, नाक वाऱ्याकडे रोखलं गेलं.

"सापडले," अनंत हलकेच म्हणाला.

वलवणच्या वरच्या पठारावर गवत वाळून पिवळं पडलं होतं. ही जमीन महिपतीची. लोणावळ्याचा अनंत दर हिवाळ्यात वासावरून लपलेले पक्षी दाखवणारी आपली पॉइंटर कुत्री घेऊन इथे यायचा. त्याच्या वडिलांच्या काळी अशा कुत्र्यांमागे बंदूक चालायची. अनंतला पक्षी उठताना नुसता दिसला तरी पुरे व्हायचं. यंदा मात्र जुईची नजर पूर्ण गेली होती.

"आंदळी कुत्री काय दावनार, भाऊ?" असं म्हणत महिपती पठारावर आला होता. आता तो श्वास रोखून तिच्याकडे बघत राहिला. दगडात कोरल्यासारखी उभी होती ती.

अनंत दोन पावलं पुढे झाला. फडफडाट करत गवतातून तित्तर उठले आणि उतारावरून खाली गेले.

"शाबास गं! चल आता."

जुई हलली नाही.

"उडालं की समदं," महिपती घाईनं म्हणाला. "तितं आता काय न्हाई. चला, घरी च्या घिऊ."

"ती नाही म्हणतेय."

अनंतनं वाकून गवत बाजूला केलं. खाली एक तित्तर पंख पसरून पडला होता. नायलॉनच्या फासात पाय अडकलेला, चोच उघडी. अनंत गाठ सोडवू लागला, तशी ती आणखीच आवळली.

"थांबा. मोडंल पाय त्याचा."

महिपती खाली बसला. एका हातानं पक्षी छातीशी धरून दुसऱ्या हातानं, गाठीकडे न बघताच, त्यानं फास मोकळा केला. तित्तर लंगडत पळाला आणि उडाला.

अनंत त्याच्या बोटांकडे बघत होता.

जुईनं पाय खाली टेकवला. हुंगत हुंगत ती महिपतीपाशी आली आणि त्याचा हात चाटू लागली. तो बराच वेळ तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिला.

"लय गुनाची हाय," तो म्हणाला.

मग तो उठला. करवंदीच्या जाळीपाशी जाऊन वाकला, नायलॉनचा दोरा उपटून खिशात घातला. तिथून सरळ पुढच्या बांधाकडे गेला, पुन्हा वाकला. कुठेच त्याला शोधावं लागलं नाही.