भावाचं कडियाळं

माझा पुतण्या सेव्जिद, त्याच्या नव्या तांबूस घोड्याच्या ओठांचे दोन्ही कोपरे सोलले होते. लगाम दिसला की तो मान उंच फेकायचा. मी जन्मभर वाचनालयात पुस्तकं सांभाळली. घोड्यांतलं मला काय कळणार? तरी एका दुपारी, कोणी बघत नसताना, मी त्याच्या तोंडात दोरी आडवी धरली आणि ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांपाशी गाठी मारल्या. मग ती लगामाच्या कडियाळ्यावर ठेवून पाहिली. तोंडातलं ते लोखंड बोटभर आखूड निघालं.

कडियाळं सेव्जिदच्या वडिलांचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं. आमच्याकडे घोडा विकला तरी लगाम घरातच ठेवतात. घराचं नशीब त्यात असतं. दाम्बादादा नदीच्या बर्फावर घोड्यावरून पडून वारला, तेव्हा घोडा एकटाच परत आला होता. तोंडात हेच कडियाळं. तोही घोडा रुंद जबड्याचा होता, तोही मान फेकायचा. ते मला तेव्हाही दिसलं होतं. मी बोललो नव्हतो.

त्या सकाळी आकाश पितळेसारखं पिवळं झालं होतं. वारा अजिबात नव्हता, आणि कुत्री गेरच्या, आमच्या लोकरी तंबूच्या, दारातून हलत नव्हती. कळप नदीपलीकडे होता. वादळाआधी तो आणायलाच हवा होता.

"सेव्जिद," मी म्हणालो, "ते कडियाळं त्याला आखूड पडतंय. माझ्या म्हाताऱ्या घोडीचं आहे, ते रुंद आहे."

"काका, हे कुठल्या पुस्तकात वाचलंत?"

"दोरीनं मोजलं मी."

"घोड्याचं माप घेतलंत? आता त्याला सदराही शिवा." तो हसला, पण त्याची बायको खान्दा हसली नाही.

"काका, आज असल्या दिवशी वडिलांचं नशीब घरात ठेवून जायचं का?" ती म्हणाली आणि खारा चहा माझ्यापुढे सरकवला.

मी चहा पिऊन उठलो. हिवाळ्यात कडियाळं उबेला धरायचं काम माझं, नाहीतर गोठलेलं लोखंड जिभेला चिकटतं. लगाम अंगरख्यात घेऊन मी आडोशाला गेलो. वाद्या सोडल्या, दादाचं कडियाळं काढलं आणि घोडीचं बांधलं.

घोड्यानं आपणहून तोंड उघडलं.

"आज शहाणा झालाय," सेव्जिद म्हणाला आणि टाच मारली. बर्फावर घोडा मान खाली ठेवून सरळ चालत गेला. मी बघत राहिलो.

दुपारी वारा सुटला. पांघरुणं आवरताना खान्दाला माझ्या अंथरुणाखाली दादाचं कडियाळं सापडलं. ते घेऊन ती माझ्यासमोर आली.

"काका, हे तुम्ही केलंत?"

"हो."

तिनं ते कमरपट्ट्यात खोवलं. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

उजेड मावळायच्या आत कळप आला. मागून तांबूस घोडा आला, रिकामं खोगीर घेऊन. मी त्याचे ओठ उघडून पाहिले. नवी जखम नव्हती, रक्ताचा थेंबही नव्हता. मग सेव्जिद का पडला? की उतरला होता? की माझंच चुकलं?

"मी निघते," खान्दा म्हणाली.

"लेकरं तुझ्याजवळ असू देत. मी जातो."

तिनं दादाचं कडियाळं पुढे केलं. "मग निदान हे घाला."

मी ते घेतलं. आखूड लोखंड, आणि तिचे डोळे. एकदा वाटलं, घालावं. दोघंही जण तेवढंच मागत होते, ती आणि मेलेला. मी वादीची गाठ धरली. ती गोठून दगड झाली होती, बोटांना दाद देईना. चाकू कमरेला होता. मी तो काढला नाही.

दादाचं कडियाळं अंगरख्यात छातीशी खोचून मी घोड्यावर बसलो. ते बर्फासारखं थंड होतं. नदीकडचं काहीच दिसत नव्हतं. घोड्यानं मान खाली घातली आणि तो न सांगता, आला होता त्याच वाटेला लागला.