शेठचं पापलेट झालं तेव्हा

पनवेलच्या खांदा कॉलनीतल्या फ्लेक्सच्या दुकानात कोमलला कामाला लागून चार महिने झाले होते. डिझाइनच्या कोर्सला सरांनी बजावलं होतं, "प्रेरणा रोजच्या जगण्यात असते. डोळे उघडे ठेवा." तिने ते उघडे ठेवले होते, पण दुकानात यायचे ते वाढदिवसाचे फ्लेक्स, आणि प्रत्येकावर वाघ, गॉगल नि सोनेरी अक्षरं.

अशात उलव्यातल्या नव्या इमारतींना रेती-विटा पुरवणारे काशिरामशेठ आले. चाळिसाव्या वाढदिवसाचा फ्लेक्स हवा होता. कोमलने जीव ओतला. गडद निळा रंग, कोपऱ्यात शेठचा एकच हसरा फोटो, बाकी सगळं मोकळं.

शेठनी स्क्रीनला नाक लावलं. "हितं काय छापायचं राह्यलंय?"

"ती मोकळी जागा आहे, शेठ. डोळ्यांना विसावा मिळतो."

"उलव्यात कोन वीतभर जागा मोकली ठेवत नाय, आनि तू माज्या डोक्यावर मैदान सोडतेस? एकवीस शुभेच्छुक हायत माजे. एकाचं जरी तोंड राह्यलं, तर ते घर कायमचं तुटलं!"

एकवीस तोंडं कोंबायची कुठे, या विवंचनेत कोमल संध्याकाळी मासळीबाजारात गेली. उरणहून येणारी गुणाबाई ओल्या फळीवर पापलेटं मांडत होती. एकाला खेटून दुसरं, जरा तिरकं, मोठं सगळ्यांत पुढे. वीस-पंचवीस नग, पण गर्दी म्हणून वाटेना.

"मावशी, असं का मांडता?"

"सगल्यांचे डोले दिसाया पायजेत, पोरी. गिऱ्हाईक आदी डोला बगतं."

दुसऱ्या दिवशी एकवीस शुभेच्छुक तसेच मांडले गेले. तिरके, एकमेकांना खेटून, सगळ्यांत पुढे मोठे शेठ आणि बाकीच्यांची तोंडं त्यांच्याकडे. शेठ बेहद्द खूश. फ्लेक्स चौकात लागला, लोक थांबून बघू लागले. कोमलला राहवेना. तिने युक्ती एका मैत्रिणीला सांगितली आणि दोन दिवसांत ती पनवेलभर झाली.

फ्लेक्स लागल्याच्या तिसऱ्या दिवशी शेठ लालबुंद होऊन दुकानात. "आमाला मासली केलंस?"

दुकानाचे मालक बुधाजी टेबलाखाली उगाच वायर शोधू लागले. खोटं बोलणं कोमलला जमेना. "हो, शेठ. बाजारात बघून सुचलं."

"कंची मासली?"

"पापलेट."

शेठ थबकले. खुर्चीत बसले. "बांगडा नाय ना, सस्तातला?"

"छे!"

"आनि पुडचं मोठं पापलेट कोन?"

"तुम्हीच की!"

शेठनी मिशीवरून हात फिरवला. "मंग बोल ना तसं! उगाच रगत आटवलंस."

ही बातमीही पसरायला वेळ लागला नाही. दुपारीच शेठचे प्रतिस्पर्धी, सिमेंटवाले दीनानाथ दारात हजर. "पुडच्या महिन्यात आपला वाडदिवस हाय. आपल्याला सुरमई पायजे. पापलेटाहून लांब."

कोमलने मान डोलावली. सुरमई बाजारात तुकडे करून मांडतात, हे त्यांना कसं सांगावं, ते तिला अजून सुचलेलं नाही.